वीतभर नळी

संशय घेण्याची खोड मला लहानपणापासूनची. शिंप्यानं सदरा शिवून दिला की उरलेल्या चिंध्या मी मागून आणायचो आणि जमिनीवर पसरून कापड पुरं भरतंय का बघायचो. पुढं सांगलीला एका तेलगिरणीत फिटर म्हणून लागलो, तेव्हा ही खोड माझा गुण ठरली. प्रत्येक माप मी दोनदा घ्यायचो, दुसऱ्यांदा दुसऱ्या पट्टीनं. इंजिन अडलं की आधी माणसांकडं बघायचो, मग इंजिनाकडं, आणि बहुतेक वेळा माणसाचंच काहीतरी निघायचं. कुणी वंगण घालायला विसरलेला असायचा, कुणी पाना आत टाकून घरी गेलेला असायचा. त्यामुळं माझा माझ्या डोळ्यांवर फार विश्वास बसला होता. तेच डोळे घेऊन मी दर महिन्याला गावी जायचो. गावी इंजिन नव्हतं, नुसती माणसं होती.

आमचं गाव वडूजच्या पलीकडं, औंधाच्या वाटेला लागून जरा आत. पावसावरची बाजरी आणि मटकी, बाकी उघडं माळरान. घरातला एक पोरगा पलटणीत आणि एक शेतावर असा तिथला रिवाज. आमच्या घरातनं थोरला भाऊ पलटणीत गेला. मी शेतावर राहायच्या ऐवजी सांगलीला पळालो, म्हणून जमीन वाट्यानं दिलेली होती.

महायुद्ध संपायच्या थोडं आधी दादा परत आला. त्याची लॉरी डोंगरातल्या रस्त्यावर उलटली होती. कमरेच्या खाली जोर उरला नव्हता. वर मात्र तो पहिलवानासारखाच राहिला. हातांच्या जोरावर तो सोप्यातनं अंगणात यायचा, अंगणातनं गोठ्यापर्यंत जायचा, बैलांना वैरण टाकायचा. अडायचं ते एकाच ठिकाणी, जिथं उंची आली तिथं. बैलगाडीत चढणं त्याला जमत नव्हतं, आणि गाडीशिवाय त्याला गावाबाहेर न्यायची दुसरी सोय नव्हती.

तो आला त्या वर्षी दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी मी आणि शेजारच्या दोघांनी त्याला उचलून गाडीत ठेवला. आळीतली माणसं बघत होती. कुणीतरी मागनं म्हणालं, "पोतं संबाळून घ्या रं." वाईट हेतूनं म्हणालं नसावं. पण दादानं ते ऐकलं. शिवेवर जाऊन आलो, सोनं लुटलं, घरी आलो, आणि रात्री जेवताना तो मला म्हणाला, "पुढल्या दसऱ्याला मी माझा माझा गाडीत चढंन. न्हाई जमलं, तर माझी शीव आपल्या उंबऱ्यापाशी. मला पुन्यांदा कुनी उचलायचं न्हाई."

दादा एकदा बोलला की ती काळ्या दगडावरची रेघ. त्यानंतर जत्रा झाली, भावकीतलं लग्न झालं, गावात तमाशा येऊन गेला, पण दादानं अंगण सोडलं नाही. वहिनी एकदोनदा म्हणाली, "आवं, अंधार पडल्यावर नेऊ तुमाला, कुनी बघायचं न्हाई." तो तिच्याशी दोन दिवस बोलला नाही.

गिरणीच्या कारखान्यात भोकं पाडायचं एक उभं यंत्र होतं. त्याचं टेबल एका जाड खांबावर वर-खाली सरकायचं. एके दिवशी त्याच्याकडं बघता बघता माझ्या डोक्यात आलं की त्या टेबलाच्या जागी दादा बसला तर? अंगणात गाडीच्या शेजारी एक उभी नळी रोवायची. तिच्यावरून सरकेल अशी दुसरी, जरा मोठ्या तोंडाची नळी घालायची आणि त्या वरच्या नळीला बसायची फळी ठोकायची. खांबाच्या डोक्यावर कप्पी, कप्पीवरून दोर. दादानं फळीवर बसून स्वतःच दोर ओढला की त्याचं निम्मंच वजन त्याच्या हातावर येणार. गाडीच्या उंचीला आला की दोर खुंटीला अडकवायचा, फळी खांबाभोवती फिरवायची आणि गाडीत सरकायचं. मला त्या रात्री झोप आली नाही.

लढाईच्या दिवसांत लोखंड मिळणं मुश्कील होतं आणि लढाई संपली तरी ते सुटलं नव्हतं. एका मोटारवाल्याच्या भंगारात मला दोन नळ्या मिळाल्या. एक पुरुषभर उंचीहून चांगली लांब, दुसरी अडीच वीत. बारकी मोठीत घातली तर मध्ये बोटाच्या पेराएवढी फट राहायची. फट हवीच होती. लोखंडावर लोखंड घासून चालत नाही, ते एकमेकाला खातं. मध्ये दुसरं काहीतरी मऊ आणि गुळगुळीत पाहिजे, ज्याला आम्ही कारखान्यात बुश म्हणतो.

नळ्या घेऊन सर्व्हिस मोटारीनं निघालो. त्या वर्षांत आमच्या मुलखात लांब लोखंडी नळी काखेत घेऊन प्रवास करायचा म्हणजे आपण होऊन चौकशी ओढवून घेणं. बेचाळीसपासून पोलिसांना प्रत्येक नळीत बंदूक दिसायची. संस्थानाची हद्द संपली तिथल्या नाक्यावर शिपायानं मोटार थांबवली. नळीला डोळा लावून त्यानं आरपार बघितलं. पलीकडून मी दिसलो असेन.

"ह्यातनं काय उडवतोस?"

"काय न्हाई. भाऊ बसवायचाय."

"नळीत?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण माझ्यावर घालायचा गुन्हाही त्याला सुचेना. अर्ध्या तासानं त्यानं सोडलं. मोटारीतली माणसं पुढं विट्यापर्यंत माझ्यापासून अंग चोरून बसली. मला राग आला. नुसत्या संशयावरून माणसाला असं वागवायचं म्हणजे काय, असं मी मनात म्हणत होतो. हे आता लिहिताना माझं मलाच हसू येतं.

बुश लाकडाचे करायचे ठरवले. पितळ मिळत नव्हतं आणि मिळालं असतं तर त्यात काय मिसळलंय हा संशय होताच. गावचा सुतार बाभळीच्या कामात हातखंडा होता. आमच्या आईच्या माहेरचा, म्हणून आम्ही त्याला मामा म्हणायचो. साठीच्या पुढचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं जुन्या गाडीच्या चाकातली मुरलेली बाभूळ काढली, तिच्या दोन-दोन अर्ध्या कड्या करून नळीवर बसवून बघितल्या, आणि करंजेलात दिवसभर उकळल्या. लाकूड आधी पोटभर तेल प्यायलं की मग पावसात फुगत नाही आणि उन्हात आटत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. हे आमच्या मिस्त्रीलाही ठाऊक नव्हतं. मला ते आवडलं, आणि थोडं खुपलंही.

वाद झाला तो वरच्या नळीच्या लांबीवरून. मी अडीच वितेची नळी कापून एकच वीत ठेवणार होतो. नळी जितकी आखूड, तितकी ती खांबावर जास्त वर जाणार, हा माझा हिशेब.

मामा म्हणाला, "कापू नगंस. आखूड पडंल."

"आखूडच पायजे. वर जागा ऱ्हाते."

"फळी हातभर भाईर येतीया. मानूस बसनार त्या टोकाला. म्या दुकानातल्या मेजांचं खन करतो. रुंद आन आखूड खन एका कडंनं वढला की तिरका हुतो आन अडकून बसतो. लांब खन अडकत न्हाई. तुझं बी तसंच हुनार."

"मामा, ह्ये खन न्हवं. ह्येला वंगान हाय."

"वंगान आसंल तवर चालंल," तो म्हणाला आणि विडी पेटवली.

माझ्या मनात पाल चुकचुकली. नळी लांब ठेवली म्हणजे बुश चार लागणार, म्हणजे काम वाढणार, म्हणजे सुगीला मामाचं बलुतं वाढणार. मी त्याच्यासमोर करवत घेऊन नळी कापली. दीड वितेचा तुकडा त्याच्या पडवीत कोपऱ्यात उभा केला.

यंत्र उभं राहिलं ज्येष्ठात. खांबाला काळा रंग दिला, करंजेल चोपडलं, आणि आधी मी बसून बघितलं. दोर ओढला, सरसर वर गेलो. सोडला, खाली आलो. दादा सोप्यातनं बघत होता. त्याच्या तोंडावर काही दिसू न देण्याची त्याची खटपट मला दिसत होती. मग तो सरकत आला, फळीवर बसला आणि दोर हातात घेतला. दोनदा थोडं अडखळलं, मी तेल घातलं, तिसऱ्यांदा तो वर आला. माझ्या डोळ्यांसमोर त्याचे डोळे आले, अगदी समोरासमोर. दीड वर्षं मी त्याच्याशी खाली बघून बोलत होतो. मी उगीच कप्पीकडं बघत राहिलो.

"ऱ्हाऊ दे आता," तो म्हणाला. "दसऱ्यापातूर कुनाला दावायचं न्हाई."

मी सांगलीला परत गेलो, आणि तिथून पुढं माझी खोड उफाळून आली. मी नसताना यंत्राचं काय होत असेल? जाताना तेलाचा डबा गळ्यापर्यंत भरून ठेवला होता. पुढच्या महिन्यात आलो तर तो अर्धा. दादाला विचारलं, तो म्हणाला, "मला काय ठावं." वहिनीला विचारलं, ती म्हणाली, "सांडलं आसंल भावजी." सांडलं असतं तर जमिनीवर डाग पडला असता. डाग नव्हता. मला वाटलं, दिव्याला वापरते. मग वाटलं, नुसतं दिव्याला एवढं कशाला लागेल, कुठंतरी पाणी मुरतंय.

त्या खेपेला जाताना मी एक युक्ती केली. काळा दोरा घेतला आणि वरची नळी आणि खांब मिळून गाठ मारली. काळ्या रंगावर काळा दोरा दिसत नाही. यंत्र कुणी हलवलं तर तो तुटणार. श्रावणात रजा मिळाली नाही. भाद्रपदात आलो तर दोरा होता, पण गाठ माझी नव्हती. मी फिटरची गाठ मारतो. ही बायकी गाठ होती. कुणीतरी यंत्र हलवलं होतं आणि मला कळू नये म्हणून दोरा पुन्हा बांधला होता.

त्याच खेपेला मामाच्या पडवीत गेलो, तर कापलेला तुकडा कोपऱ्यात नव्हता.

"मामा, उरल्याली नळी कुटं गेली?"

"हाय. जाग्यावर हाय."

"दिसंना तर."

"दिसंल की कामाच्या येळंला."

तो घरी नसताना मी त्याच्या पडवीत जाऊन लाकडं हलवून बघितली. हे मला आज लिहायला लाज वाटते, पण बघितली. तुकडा सापडला नाही. विकला म्हाताऱ्यानं, असं मी ठरवलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. समोरून आला की मी बैलांच्या शिंगांकडं बघायचो.

राहिली वहिनी. सांगलीला खाटेवर पडून मी विचार करायचो. दादा पलटणीत होता तेव्हा सहा सहा वर्षं तिनं एकटीनं काढली. आता तो घरात आहे, अंगणात आहे, हाकेच्या अंतरावर आहे. यंत्र चाललं तर तो पुन्हा गाडी हाकणार, वडूजच्या बाजारला जाणार, पलटणीतल्या दोस्तांकडं जाणार. तिला ते नको असेल. तोंडानं म्हणत नसेल, पण नको असेल. ज्या बाईनं कपड्याला ठिगळ लावण्यापासून माझं सगळं केलं, तिच्याविषयी मी हे सगळं आखून ठेवलं आणि दोनदा मोजूनही बघितलं. मला ते दोन्ही वेळा बरोबर वाटलं.

दसऱ्याला मी रजा काढून आलो, ते खंडेनवमीच्या दिवशी उशिरा. सर्व्हिस मोटार वाटेत बिघडली होती. घरी पोचलो तेव्हा सगळी पूजा आटपलेली होती. देव्हाऱ्यापुढं पाटावर विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, वहिनीची विळी, सगळी हत्यारं लख्ख घासून मांडली होती आणि त्यांच्यावर हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं होती. अंगणात खांबालाही झेंडूची माळ होती. मला बरं वाटलं. अंधारात जवळ जाऊन मी बघितलं नाही. ही माझी चूक, आणि अशी चूक मी गिरणीत कधी केली नसती.

सकाळी दादानं दाढी केली, पलटणीचा खाकी शर्ट घातला. मी मोठ्या ऐटीत अर्ध्या आळीला बोलावून आणलं. त्यांच्यादेखत एकदा चढून दाखवायचं, मग दुपारनंतर गाडी जोडून शिवेवर जायचं, असं ठरलं होतं. मामाही आला आणि लांब गोठ्याच्या कुडाला टेकून उभा राहिला. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

दादा सरकत आला. फळीवर बसला. दोर ओढला. फळी कमरेएवढी वर आली आणि करकचून थांबली. त्यानं जोर लावला, दंडाच्या शिरा फुगल्या, कप्पी कुरकुरली, नळी हलेना. मी म्हटलं, खाली सोड. त्यानं दोर सैल सोडला. तरी नळी हलली नाही. दादा मध्येच लटकला, वर नाही आणि खाली नाही. एक म्हातारी पदर तोंडाला लावून घरात गेली. मी फळीला हात घालून हिसका दिला तर ती आणखी घट्ट बसली.

शेवटी दोघांनी धरून त्याला उतरवला. म्हणजे उचलून उतरवला. तो कुणाकडं न बघता सोप्याकडं सरकत गेला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

मी नळीला हात लावला. बोटाला तेल लागलं नाही. खांब कोरडा ठणठणीत, रंग जागोजागी निघालेला, आणि नळीच्या तोंडाशी करडी भुकटी. मी ती चिमटीत घेऊन चोळली. राख होती. चुलीतली राख. आमच्या अंगणात ती कुणाच्या हातात असते ते मला माहीत होतं.

"वहिनी," मी म्हणालो, आणि आळी अजून अंगणातच होती. "ह्ये तुमी केलं. दादा घराभाईर पडू ने आसंच तुमच्या मनात हुतं. डब्यातलं त्याल तुमी वतून टाकलं. यंत्र तुमी हलवलं आन दोरा परत बांधला. गाठ वळकतो मी. आन आता राख घातली."

वहिनी तुळशीपाशी उभी होती. तिनं एकदा सोप्याकडं बघितलं, दादाकडं, आणि मग खाली मान घातली. मला वाटलं, पकडली गेली.

दादा भिंतीकडं तोंड करूनच बोलला. आवाज चढवला नाही.

"राख म्या घालाय सांगितली. काल खंडेनवमी हुती. पलटनीत माझी रायफल पुजली जायची. आता माझं हत्यार ह्येच. म्हनलं, विळ्या-खुरप्यासंगं ह्ये बी घासून पुसून पूज. तिनं चिंच आन राख लावून दोन तास खांब घासला. हाताची सालटी निघाली तिच्या."

मी चिमटीतली राख सदऱ्याला पुसली.

"आन त्याल म्या वापरलं. तू गेलास की रोज दुपारी मी चढायचो. पयल्यांदा दोन डाव पडलो, कोपरं फुटली. तिला म्हनलं, त्येला सांगू नगंस, त्यो कुनावर तरी आळ घील. सुतारमामानं बुश वाकडं केलं म्हनंल, न्हाईतर शेजाऱ्यानं दोर कापला म्हनंल. तिनं सबूद दिला, तो पाळला."

"आन दोरा?" मी विचारलं.

वहिनी पहिल्यांदा बोलली. "मला वाटलं, यंत्राला दिष्ट लागू ने म्हनून तुमी काळा दोरा बांधलाय. ह्ये चढलं की त्यो तुटायचा. मग मी नवा बांधायची, रोजच्या रोज."

मला वाटलं जमीन दुभंगावी. मी खांबाला टेकलो आणि तसाच उभा राहिलो. मग मामाचा आवाज आला, अगदी जवळून.

"रडाय येळ न्हाई. दीस माथ्यावर आलाय. पाना आन."

त्याच्या हातात कापलेला तुकडा होता. पडवीच्या आढ्याला, कौलांच्या खाली, त्यानं तो पोत्यात गुंडाळून टांगून ठेवला होता, गंजू नये म्हणून. दोन्ही तोंडांना बुश आधीच बसवलेले होते, तेलात उकळून काळे झालेले. ते त्यानं केव्हा केले हे मी विचारलं नाही. कालपरवाचे नव्हते, एवढं तेलाच्या वासावरून कळत होतं.

खंडेनवमीला पुजलेली हत्यारं दसऱ्याला सुतार उचलत नाही. मामाची किंकरं, पटाशी, भोकं पाडायचा सामता घरी पाटावर फुलांखाली मांडलेली होती. तो घरी गेला, नमस्कार केला आणि ती उचलून घेऊन आला. आम्ही कप्पी काढली, वीतभर नळी वर उपसून घेतली, राख पुसून काढली. मग दीड वितेचा तुकडा आधी खांबावर घातला, त्यावर आखूड नळी, आणि दोन्हींना मागनं बाभळीची एकच जाड पट्टी बोल्टानं आवळली. दोन तुकडे मिळून पुन्हा अडीच वीत झाले. काम चालू असताना मामानं मला एवढंच सांगितलं, "त्याल घालू नगंस आजून."

"का?"

"आधी सुकं चालतंय का बग. सुकं चाललं तर खरं."

मला तेव्हा कळलं. माझं यंत्र पहिल्या दिवसापासूनच अडत होतं. तेल त्याला कसंबसं सांभाळून घेत होतं. हातभर लांबीवर माणसाचं वजन आलं की वीतभर नळी तिरकी होणार, तिची वरची कड एकीकडं आणि खालची दुसरीकडं खांबात रुतणार, आणि माणूस जितका जड तितकी ती जास्त रुतणार. राखेनं फक्त ते उघडं केलं. तीन महिने मी तेल मोजलं, गाठी तपासल्या, म्हाताऱ्याची पडवी उचकली, आणि एक माप तेवढं पुन्हा घेतलं नाही, ते माझं स्वतःचं होतं.

ऊन कलताना गाडी जोडली आणि दादाला हाक मारली. तो लगेच आला नाही. वहिनी आत गेली, काय बोलली कुणाला माहीत, मग तो सरकत आला. आळीतली माणसं या वेळी बोलावली नव्हती, तरी कुंपणापलीकडं उभी होती. खांब कोरडा होता. दादानं दोर ओढला. लाकूड खरखरलं, पण नळी सरळ वर गेली, मध्ये कुठंही थांबली नाही. गाडीच्या उंचीला येऊन त्यानं दोर खुंटीला अडकवला, फळी फिरवली, आणि दोन हातांवर स्वतःला उचलून गाडीत बसला. मग कासरा हातात घेतला आणि मला म्हणाला, "चल की. उशीर झालाय."

शिवेवर सगळे एकमेकांना सोनं देत होते. मी आपट्याची पानं मामाच्या हातावर ठेवली आणि पाया पडलो. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, रागावलेला दिसला नाही. घरी आल्यावर वहिनीला सोनं दिलं, तिच्याही पाया पडलो. "चुकलो मी, वहिनी," म्हणालो. ती म्हणाली, "आसू द्या भावजी. तुमी त्येंच्यासाठीच करत हुता." तिचे तळवे सोललेले होते. पान घेताना तिनं ते झाकून घेतले.

ते यंत्र पुढं पुष्कळ वर्षं चाललं. त्याच्यावरून दादा बाजारला गेला, शेतावर गेला, लेकीच्या सोयरिकीला गेला. बुश मी दोनदा बदलले, नळी कधीच अडली नाही. सांगलीच्या गिरणीत मी त्या हिशेबानं दोन-तीन सरकती कामं केली आणि शाबासकी मिळवली.

पण दर खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं घासून झाली की वहिनी राख-चिंचेचं भांडं हातात घेऊन खांबापाशी यायची आणि थांबायची. मी घरात असलो तर मला हाक मारायची, सांगलीला असलो तर आधीच्या खेपेला विचारून ठेवायची. "भावजी, यंत्राला हात लावू का?" मी दर वेळी सांगायचो, लावा की, तुमचंच आहे, विचारायचं काय त्यात. ती बरं म्हणायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायची.

दादा गेला त्या वर्षीही तिनं विचारलं. तेव्हा त्या फळीवर बसणारं कुणी उरलं नव्हतं.